टिचकी, फुंकर आणि वन-टू-थ्री

उरण तालुक्यातल्या कुठल्याही गावात हळदीच्या दिवशी, नवरदेवाच्या अंगाला हळद लागायच्या कितीतरी आधी, मांडवात एक विधी उरकला जातो. त्याला ना भटजी लागतो ना लग्नगीतं गाणारी धवलारीण. साउंडवाल्याचा पोरगा माइक हातात घेतो, जाळीवर बोटाने दोन टिचक्या मारतो, ‘फू फू’ करतो आणि ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतो. मांडवातली चिल्लीपिल्ली लगेच तेच ओरडत सुटतात. यातलं मोजणं तेवढं कामाचं. टिचकी आणि फुंकर आजच्या माइकला सोसत नाही. तरी दोन्ही टिकून आहेत. टिचकीपुरतं बोलायचं तर एके काळी ती खोड नव्हती, दुरुस्ती होती.

ती कळायला आधी टेलिफोनकडे जावं लागतं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते 28 जानेवारी 1882 रोजी. एडिसनने कार्बनचा ट्रान्समीटर बनवला तो त्याच्या पाचच वर्षं आधी, 1877 मध्ये. पुढे त्यात सुधारणा होऊन कोळशाची बारीक कणी भरलेली डबी आली, आणि जगभरच्या टेलिफोनांच्या तोंडाशी ती जवळजवळ शंभर वर्षं बसून राहिली. बोलणाऱ्याच्या आवाजाने पडदा हलतो, कणी दाबली जाते किंवा सैल होते आणि तिच्यातून वाहणारा विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो. रचना साधी, आवाज दणदणीत. वैरी एकच, दमट हवा. कणी एकमेकींना चिकटली की आवाज बसायचा. मग रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटायचा, कणी मोकळी व्हायची, संभाषण पुढे चालू. बेंगळुरूच्या आयटीआय या टेलिफोन कारखान्यातून आलेला जड काळा फोन ज्यांनी वापरला, त्यांना हा उपाय कुणी सांगावा लागला नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, पावसाळ्यात भिंतीही पाझरतात, अशा उरणमध्ये त्याची गरज मुंबईपेक्षा कमी पडली नसणार.

सभेतला माइक हा टेलिफोनचाच धाकटा भाऊ. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी 1915 च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत गर्दीपुढे ध्वनिवर्धक वाजवून दाखवला. आपल्याकडे त्याला घरोघरी ओळख मिळवून दिली ती ‘शिकागो रेडिओ’ने. नाव अमेरिकेचं, मालक मात्र सिंधमधून मुंबईत आलेलं मोटवाने कुटुंब. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत तोंडासमोरच्या माइकवर हे नाव ठळक दिसतं. यापेक्षा स्वस्त आणि मस्त जाहिरात कुणाला जमली असेल असं वाटत नाही. 1931 च्या कराची काँग्रेसमध्ये मोटवानेंचेच कर्णे होते. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हाही नानक मोटवानेंवर मदत केल्याचा आरोप आला. खटल्यातून ते सुटले.

उरणला भाषणांची कमतरता कधीच नव्हती. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांना दर 25 सप्टेंबरला मानवंदना दिली जाते. 1984 च्या 16 आणि 17 जानेवारीला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणारे पाच शेतकरी गोळीबाराला बळी पडले. त्यांचा स्मृतिदिनही चुकत नाही. शिवाय जत्रा, क्रिकेटचे सामने, आरत्या, ग्रामसभा आहेतच. सभा म्हटली की माइक आला आणि माइक आला की तो ऐन वेळी बंद पडणंही आलं.

त्यात वीज. घारापुरी बेट, म्हणजे जगाचं एलिफंटा, याच तालुक्यात येतं. समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. त्याआधी राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही वस्त्यांत संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. अशा ठिकाणी माइक बोलत नसेल तर आधी माइककडे नाही, बॅटरीकडे बघायचं असतं.

मुरलेला साउंडवाला क्रम चुकवत नाही. आधी माइकवरचं बटण. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, आणि वक्त्याचा चेहरा तेवढा पडतो. मग पिन जॅकमध्ये फिरवून बघायची. खरखर ऐकू आली तर दोष जोडणीत. मग तोच माइक दुसऱ्या वायरवर लावायचा. आवाज आला की माइक सुटला, वायर अडकली. किनाऱ्यावरच्या गावात बहुधा वायरच अडकते. पिनेचं टोपण उघडलं की खाऱ्या हवेने तांब्याच्या तारा हिरवट पडलेल्या दिसतात. त्या नुसत्या घासून चालत नाही, त्यावर सोल्डरचा डाग धरत नाही. चार बोटं वायर कापून टाकायची, आत लखलखीत तांबं दिसेपर्यंत सोलायची आणि नव्याने डाग द्यायचा. सतत घूं असा आवाज येत असेल तर आर्थिंग तपासायचं. माइक शिट्टी मारत असेल तर त्याचं तोंड कर्ण्याकडे आहे: कर्ण्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा कर्ण्यात, असा फेरा सुरू झालेला असतो. डेन्मार्कच्या सोरेन लार्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. आवाज वाढवा म्हणणाऱ्या पुढाऱ्याला हे समजावणं हा धंद्यातला सगळ्यात अवघड भाग.

कार्बन गेला आणि मांडवात डायनॅमिक माइक आला, चुंबकात हलणारं तारेचं वेटोळं असलेला. त्यात सैल करायला कणीच नाही. फुंकरीने आत फक्त ओल जाते. रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या रिबन माइकची धातूची पातळ पट्टी तर एका जोरदार फुंकरीने कायमची कामातून जाते. मोजणं मात्र शहाणपणाचं. ‘टेस्टिंग’मधला स सिसकारतो का, ‘टू’मधला ट धडकतो का, हे त्यात कळतं. मराठी कानाला याहून सोपी परीक्षा ‘फणस’ आणि ‘भाकरी’ची. फ आणि भ म्हणताना तोंडातून वारा सुटतो. माइक फारच जवळ धरला असेल तर कर्णा लगेच धप्प करतो.

हे सगळं रात्री दहाच्या आत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दहा ते सहा उघड्यावरचे कर्णे बंद केले. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, ती बहुतेक सणांनाच खर्ची पडते. हळदीचा मुहूर्त काही त्या यादीत बसत नाही.

उरणच्याच करंजा बंदरातली माइकची तपासणी वेगळी, आणि तिथे थट्टेला जागा नाही. मच्छीमार बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओ संचाचा माइक हातात मावतो, त्यावर बोलण्यासाठी दाबायचं बटण असतं. चॅनल 16 हे संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या संपर्कासाठी राखलेलं. मिठाने किंवा घाणीने ते बटण दाबलेलंच अडकलं तर तो संच अखंड बोलत राहतो आणि आसपासच्या बोटींचं चॅनल अडतं. ज्याचं बटण अडकलंय त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही, म्हणून चूकही कळत नाही. तेव्हा बंदर सोडण्याआधी बटण दाबून सोडायचं, ते परत वर येतं का बघायचं, शेजारच्या बोटीला दुसऱ्या चॅनलवर हाक मारून उत्तर घ्यायचं.

आता प्रत्येकाच्या खिशात माइक आहे. बेल प्रयोगशाळेत 1962 मध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माइक शोधला आणि माइक स्वस्त झाला. पुढे तो सिलिकॉनच्या चकतीवर कोरला जाऊन तांदळाच्या दाण्याएवढा झाला. फोनला असे दोन-तीन असतात: एक खाली चार्जिंगच्या खाचेशेजारी, एक वर किंवा कॅमेऱ्यापाशी. ‘समोरच्याला माझा आवाज जात नाही’ अशी तक्रार आली की जाणता कारागीर फोन लगेच उघडत नाही. आधी कव्हर काढतो, कारण त्याचं भोक पुष्कळदा सरकलेलं असतं. मग रेकॉर्डरवर चार शब्द बोलून ऐकतो आणि एक व्हिडिओ काढून बघतो. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि एका अॅपमध्येच आवाज नसेल, तर त्या अॅपला माइकची परवानगी दिलेली नसते. व्हिडिओत आवाज आहे पण साध्या कॉलवर नाही, तर बहुधा खालचा माइक गेलेला किंवा बुजलेला. तिथे मऊ ब्रश चालतो. टाचणी घालणाऱ्याचा माइक बदलावाच लागतो.