जनुक शाबूत, तरी कॅन्सर: पी५३ प्रोटीन पेशीतून गायब कसं होतं?

रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियल सेंटरच्या साथीने गावोगावी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली आहे. यातला तिसरा कॅन्सर सुरू कसा होतो हे पाहिलं, तर पेशीतली एक वेगळीच भानगड कळते.

आपल्या १७व्या गुणसूत्रावर टीपी५३ नावाचं जनुक असतं. त्यावरून पी५३ हे प्रोटीन बनतं. १९७९मध्ये ते सापडलं तेव्हा ते कॅन्सर वाढवणारं आहे, असाच समज होता! काम नेमकं उलटं निघालं. डीएनए बिघडला की पी५३ पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पेशीला मरायला लावतं.

मग ते कायम कामावर का नसतं? तसं झालं तर चांगल्या पेशीही मरतील. म्हणून एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याला पकडून 'नष्ट करा' अशी रासायनिक खूण चिकटवतं आणि पेशीतली कचरा यंत्रणा त्याचे तुकडे करते. डीएनए तुटला की इतर प्रोटीन्स पी५३वर फॉस्फेट बसवतात, एमडीएम२ची पकड सुटते आणि पी५३ साठू लागतं. गंमत म्हणजे एमडीएम२ बनवण्याचा हुकूमही पी५३च देतं.

अनेक कॅन्सरमध्ये टीपी५३ जनुकच बिघडलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा तसं नसतं. एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचं ई६ प्रोटीन पेशीतल्याच एका प्रोटीनला हाताशी धरून पी५३वर तीच खूण लावतं. ई७ हे दुसरं प्रोटीन आरबी या आणखी एका रक्षकाला निकामी करतं.

बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे तो टिकतो, तिथेही कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि तपासणीला हीच संधी असते. व्हिनेगरमधल्या आम्लाचं पातळ द्रावण लावलं की बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कर्मचारी होत्या.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२३मध्ये आली. ती संसर्ग होण्याआधी घ्यावी लागते, आधीच शिरलेला विषाणू ती काढू शकत नाही. त्यामुळे लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते.