राजाचा सोबती

'काऊंट' हा शब्द लॅटिन 'कोमेस'वरून आला. अर्थ सोबती, म्हणजे राजाचा सोबती. शार्लमेनच्या काळी न्यायनिवाडा व सैन्यभरती करणारा तो नेमलेला अधिकारी होता. पुढे पद वंशपरंपरेने चालू लागले आणि चाकर धनी झाला. (इंग्लंडात तो 'अर्ल'; पत्नी मात्र 'काऊंटेस'च!)

फ्लँडर्सचा काऊंट चार्ल्स फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. घरात मात्र तोच राजा. ११२४-२५ च्या दुष्काळात त्याने धान्याची बीअर करण्यास मनाई केली व गोरगरिबांना भाकरी दिली. ब्रूजच्या संत डोनेशियन चर्चचा प्रमुख बेर्टुल्फ हा त्याचा मुख्य कारभारी. त्याचे मातब्बर एरेम्बाल्ड घराणे मूळचे काऊंटच्या दासांपैकी, हा प्रश्न चार्ल्सने न्यायासनापुढे आणला. घराणे पेटले. उपवासकाळात, २ मार्च ११२७ रोजी, त्याच चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्या चार्ल्सवर बेर्टुल्फच्या पुतण्याने तलवार चालवली. कट धर्मगुरूच्या घरात शिजावा, हे आम्हा धर्मगुरूंना आजही बोचते.

मारेकऱ्यांना कठोर शासन झाले. राजा सहाव्या लुईने विल्यम क्लिटोला गादीवर बसवले. पण त्याने शहरांना दिलेली वचने मोडताच गेंट आणि ब्रूज उलटली. विल्यम ११२८ साली युद्धात जखमी होऊन वारला, आणि शहरांनी पुढे केलेल्या आल्सेसच्या थिएरीलाच राजाला मान्यता द्यावी लागली.