जोड कोण लावतो?

मावळात भाताची कापणी आटोपली, झोडपणी झाली आणि कणग्या भरल्या, की माणसाला थोडी उसंत मिळते. जूनपासून चार महिने पाऊस इथे माणसाला दुसरे काही सुचू देत नाही. लोणावळ्यात तर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखात मातीवरचा खेळ पावसाळ्यात उघड्यावर होणे शक्यच नाही. म्हणून पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत कुस्तीचा हंगाम उन्हाळ्यात येतो. चैत्र उजाडला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आज या गावचा देव, उद्या पलीकडच्या गावचा. दुपारी उन्हे कलली की हलगी कडाडू लागते आणि नांगरलेल्या वावरात माणसांचे रिंगण धरले जाते.

या जत्रांच्या तारखा कोणी एका कचेरीत बसून ठरवलेल्या नाहीत. प्रत्येक देवाची तिथी वेगळी, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तीच. तरीही त्या अशा मागेपुढे लागल्या आहेत की एका गावचा आखाडा संपवून पैलवानाला दुसऱ्या गावचा आखाडा गाठता यावा. पोटाला शेती, अंगाला तालीम आणि हंगामाला जत्रा असा हा हिशेब होता. शेतकऱ्याचे वर्ष आणि पैलवानाचे वर्ष एकाच पंचांगावर चालत असे.

आखाड्यातली रीत ठाऊक नाही असा मावळकर विरळाच. आधी पोरांच्या कुस्त्या, त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. मग चढत्या इनामाच्या. पंच रिंगणात फिरतात, एका पोराचा हात धरून वर करतात आणि याच्या तोडीचा कोण आहे म्हणून पुकारा करतात. समोरून कोणी उठला की दोघांना शेजारी उभे करून खांद्याला खांदा लावून पाहायचे, वस्तादांना विचारायचे, इनाम बोलायचे आणि हातात हात द्यायचा. याला म्हणतात जोड लावणे. वरकरणी हे काम साधे दिसते. पण सगळा न्याय त्यातच असतो. जोड विजोड लागली तर कुस्ती सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

म्हणून कुस्तीच्या इतिहासात मल्ल किती होते आणि कोणी कोणाला चीत केले, याहून मला तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात. पोराला निवडतो कोण? त्याला पोसतो कोण? आणि त्याची तारीख ठरवतो कोण? बाकीचा इतिहास या तीन प्रश्नांच्या उत्तरांमागून चालत येतो.

पोसण्याचा प्रश्न सगळ्यांत जुना. गरिबाच्या घरी भाकरीला तोटा, तिथे दूध, तूप, बदाम कुठून यायचे? खुराकावाचून तालीम म्हणजे तेलावाचून दिवा. एकदोन पोरांचा भार गाव वर्गणीने उचलू शकते. पण शंभर पोरांचा भार उचलायला राजाच लागतो. असा राजा महाराष्ट्राला कोल्हापुरात लाभला. शाहू छत्रपतींनी १८९४ पासून १९२२ पर्यंत राज्य केले. १९०२ साली ते विलायतेला गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. तसेच काही आपल्या नगरीत असावे हे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. सर्वांत मागे बसलेल्या माणसालाही मल्लाचा पट स्पष्ट दिसावा, ही त्यामागची दृष्टी होती.

महाराजांनी मैदानापुरतेच पाहिले नाही. तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, पंजाबापासूनचे पैलवान कोल्हापुरात आणले. याच राजाने १९०१ पासून जातीजातींच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. ज्या हाताने शिकणाऱ्या पोराला ताट वाढले, त्याच हाताने तालमीतल्या पोरालाही वाढले. विद्या आणि व्यायाम यांचे आश्रयस्थान एकच असू शकते, ही गोष्ट महाराष्ट्राने कोल्हापुरात प्रत्यक्ष पाहिली.

पण राजाश्रयाला एक मर्यादा असते. राजा असेल तोवरच तो असतो. ही मर्यादा एका मल्लाच्या आयुष्यात जितकी लखलखीत दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. तो मल्ल म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. अंगकाठी लहान. कॉलेजच्या वार्षिक खेळांत त्यांचे नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळवून आखाड्यात उतरले, अशी हकीकत सांगितली जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. निवडणारा नुसता अंगकाठी पाहतो की पोराला उतरून दाखवण्याची संधी देतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ते प्राचार्य म्हणजे बाळासाहेब खर्डेकर.

१९४८ साली लंडनचे ऑलिंपिक झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा तिथे गेले. आयुष्य गेलेले मातीत, आणि तिथे कुस्ती गादीवर. नियम परके. तरीही सर्वांत हलक्या वजनाच्या गटात त्यांचा सहावा क्रमांक लागला. पुढच्या खेपेला पदक आणायचेच, या जिद्दीने ते परतले.

पुढची खेप १९५२ ची, हेलसिंकीची. पण मधल्या चार वर्षांत केवढी उलथापालथ झाली पाहा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान गेले हे योग्यच झाले, त्याबद्दल आज कोणी हळहळत नाही. परंतु संस्थानाबरोबर एक सवयही गेली. पोराने गुण दाखवला तर दरबारात शब्द टाकावा आणि खर्चाची सोय व्हावी, ही ती सवय. तिच्या जागी नवे काही अजून उभे राहिलेले नव्हते. जुने छप्पर काढले होते, नव्या घराचे वासे अजून चढायचे होते, आणि नेमक्या त्या दिवसांत खाशाबांना सातासमुद्रापार जायचे होते.

तेव्हा कोणी काय केले? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! राजाची जागा एका शिक्षकाने घेतली. खाशाबांच्या गौरवात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ऐकताना डोळे पाणावतात. पण डोळे पुसल्यावर थोडा विचारही करावा. प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागते, ही एका माणसाच्या थोरवीची कथा आहे आणि समाजाच्या उणिवेचीही. किती कॉलेजांत किती खाशाबा असतील आणि किती प्राचार्यांकडे गहाण टाकायला घर असेल?

हेलसिंकीत तिसरा प्रश्न उभा राहिला, तारखेचा. तारखेचा कसला, घटका-पळांचाच म्हणा. जपानच्या शोहाची इशीईशी खाशाबांची कुस्ती प्रदीर्घ चालली आणि ती त्यांना गमवावी लागली. थकलेल्या अंगाने ते बाजूला होतात न होतात, तोच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावणे आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता, परंतु तो दाखवून भांडायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे त्या प्रसंगाबद्दल सांगतात. ती कुस्तीही गेली. इशीईला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले.

गावच्या आखाड्यात वस्ताद पंचाचा हात धरून सांगू शकतो, "पोरगं दमलंय, जरा दम खाऊ द्या." हेलसिंकीत वस्ताद नव्हता. अंगातले बळ आणि हातातला डाव यांच्या जोडीला कोणीतरी आपल्या बाजूचा, वेळापत्रक वाचणारा आणि नियम बोलून दाखवणारा माणूस लागतो. तो नसला की पदकाचा रंग बदलू शकतो.

खाशाबा परतले तेव्हा कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचा गुलाल धुतल्यावर त्यांनी कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. आपल्याकडे सन्मानाची तारीखही अशी उशिरा पडते.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. तिचे संस्थापक मामासाहेब मोहोळ आमच्या शेजारच्या मुळशी तालुक्यातले. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची लढत सुरू झाली. गावोगावच्या तुटक जत्रांवर एक राज्यव्यापी शिडी उभी राहिली आणि खेड्यातल्या पोराला आपण कोणत्या पायरीवर आहोत हे कळू लागले.

लोणावळ्यात याच प्रश्नाचा विचार निराळ्या अंगाने चालला होता. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी तिथे कैवल्यधाम स्थापन केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. घरची गरिबी. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते शिकले आणि बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडले. शिष्यवृत्ती आणि तालीम यांचे दुहेरी ऋण मानणाऱ्या या माणसाने पुढे शारीरिक शिक्षणाचा आग्रह धरला तो निवडक मल्लांसाठी नव्हता, सर्व मुलांसाठी होता. शंभरांतून एक निवडायचा आणि नव्व्याण्णवांना प्रेक्षक करायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

आज मावळातली मुले तालुक्यातल्याच कॉलेजात शिकतात. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. त्याच्या खेळांची रचना विभागवार आहे. कॉलेज आधी जिल्ह्याच्या विभागात खेळते, तिथून निवडलेली मुले आंतरविभागीय सामन्यांना जातात आणि तिथून विद्यापीठाच्या संघात. कागदावर रचना सरळ आहे. पण तिच्या तारखा पाहा. निवडीचे बरेचसे सामने पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चालतात. त्या दिवसांत आमच्या मुलांच्या घरी आधी भातलावणी असते आणि मागून कापणी. पुढे जत्रांचा चैत्र येतो तेव्हा परीक्षा तोंडावर असते. एकेकाळी शेताचे, देवाचे आणि आखाड्याचे पंचांग एक होते. आता विद्यापीठाचे पंचांग वेगळे आणि घरचे वेगळे. आवडीने खेळणारा मुलगा या दोहोंच्या मध्ये सापडतो आणि मग शिक्षक म्हणतात, "याला खेळात रस नाही."

पोसण्याचा प्रश्न मात्र पूर्वीइतका अंधारात राहिलेला नाही. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत २०१८ पासून निवडलेल्या खेळाडूसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आणि आठ वर्षांपर्यंत मदतीची सोय झाली. खर्डेकरांच्या काळी असे काही असते तर त्यांचे घर गहाण पडले नसते. परंतु ही मदत त्याला मिळते जो आधीच कुणाच्या तरी नजरेत भरला आहे. त्याआधीची वर्षे, म्हणजे दूध कोणी द्यायचे आणि पुण्याला जायचे भाडे कोणी द्यायचे ही वर्षे, अजूनही आईबापांच्या आणि एखाद्या हौशी शिक्षकाच्या खिशावरच चालतात.

अमेरिकेतल्या कॉलेजांनीही हा प्रश्न सोडवून पाहिला आहे. १९७३ साली त्यांनी आपल्या क्रीडासंघटनेचे तीन गट पाडले. पहिल्या गटात खेळासाठी भरघोस शिष्यवृत्त्या आणि प्रेक्षकांची अलोट गर्दी. दुसऱ्यात बेताच्या शिष्यवृत्त्या. तिसऱ्या गटात खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती मुळीच नाही, तरीही शेकडो लहान कॉलेजे त्यात हौसेने खेळतात. या व्यवस्थेतही दोष पुष्कळ आहेत. तिथे पैशाने खेळाडू पळवण्याची स्पर्धा चालते, अभ्यास मागे पडतो, ओरड होते. पण एक तत्त्व घेण्यासारखे आहे. लहान कॉलेजाची जोड लहान कॉलेजाशी लावावी. डोंगराळ तालुक्यातल्या कॉलेजाला पहिल्याच फेरीत शहरातल्या बलाढ्य कॉलेजासमोर उभे करू नये. आमच्या जत्रेतल्या पंचाला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो पोरांना खांद्याला खांदा लावूनच उभे करतो.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. तालुक्यातल्या कॉलेजांचे सामने ठरवताना लावणी-कापणीचे आठवडे टाळावेत. निवड करणाऱ्याने शहरातल्या मैदानात बसून पोरांची वाट न पाहता चैत्रात चार जत्रा स्वतः पाहाव्यात, विशेषतः रेवड्यांवरच्या कुस्त्या, कारण उद्याचा मल्ल तिथेच अंगाला माती लावत असतो. आणि परगावी खेळायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर नियमांचे पुस्तक वाचलेला एक मोठा माणूस असावा. यातल्या कशालाही घर गहाण टाकावे लागत नाही.

वाचकहो, दिवाळीचा फराळ संपेल, थंडी जाईल आणि बघता बघता चैत्र येईल. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला याल किंवा लोणावळ्याला हवा खायला याल, तेव्हा वाटेत कुठे हलगी ऐकू आली तर गाडी थांबवा. शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठी खोळंबू नका. सुरुवातीच्याच कुस्त्या पाहा. एखादे काटकुळे पोर चीत करून उठेल, मुठीतल्या रेवड्या सावरत बापाला शोधत गर्दीत शिरेल. त्याला नुसती शाबासकी देऊ नका. कितवीत आहेस आणि तालमीला कुठे जातोस, एवढे जरूर विचारा.