जालना दगडी ज्वारी

जालना दगडी ज्वारी हा महाराष्ट्रातील जालना जिल्ह्यात घेतला जाणारा रब्बी ज्वारीचा पारंपरिक वाण आहे. २०२४ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्याच्या मोसंबीस ते त्यापूर्वीच लाभले होते.

लागवड व आहार

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या पावसाच्या ओलीवर रब्बी ज्वारी येते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर काढणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. धान्य माणसांना व कडबा जनावरांना असा तिचा दुहेरी उपयोग असल्याने कोरडवाहू शेतकऱ्यास ती सोयीची ठरत आली. भाकरी हे रोजचे अन्न. त्याखेरीज कोवळ्या दाण्यांचा हुरडा, भरडलेल्या दाण्यांच्या कण्या, पिठाची आंबील आणि नागपंचमीच्या लाह्या हेही पदार्थ ज्वारीचेच. गव्हाची पोळी बहुतांश घरांत सणासुदीपुरती असे.

ऱ्हास

‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा भारतातील पहिला संकरित वाण १९६४ चा. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. खरिपाच्या नव्या ज्वारीस ग्रामीण बोलीत नुसते ‘हायब्रीड’च म्हणू लागले. संकरित बियाणे दर हंगामास विकत घ्यावे लागते; देशी वाणाचे बी मात्र चांगली कणसे निवडून घरीच राखता येते. तथापि रब्बी ज्वारी मागे पडण्यास संकरित वाणांपेक्षा कापूस, सोयाबीन आणि शिधापत्रिकेवरील स्वस्त गहू-तांदूळ ही कारणे अधिक महत्त्वाची होत. कापूस हिवाळ्यातही शेतात उभा असतो. त्या रानात रब्बीची पेरणी करता येत नाही.

मानांकन आणि बियाण्याचा हक्क

कोणते अन्न पिकवावे व खावे हे पिकवणाऱ्या समाजानेच ठरवावे, ही अन्न-सार्वभौमत्वाची कल्पना ‘ला व्हिया कॅम्पेसिना’ या आंतरराष्ट्रीय शेतकरी चळवळीने १९९६ मध्ये मांडली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर ज्वारीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. भौगोलिक मानांकनाने नावाचा गैरवापर रोखता येतो, वाण शेतात टिकण्याची हमी मात्र मिळत नाही. बियाण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. त्यानुसार शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखता, पेरता, इतरांशी बदलता आणि व्यापारी नाममुद्रेविना विकताही येते. मानांकनाची मुदत १० वर्षांची असून तिचे नूतनीकरण करावे लागते.