माळवदाची भिंत

आमच्या गावाकडच्या घराच्या मागच्या भिंतीला पोट सुटले होते. दोन हात रुंदीची दगडी भिंत, पण मधोमध ती बाहेर फुगलेली. गवंडी म्हणाला, "पाडा, विटांची बांधू." अब्बा तेव्हा हयात होते. ते एवढेच म्हणाले, "दिवार गई तो जाने दो, पहले खांब देखो."

अब्बांच्या या एका वाक्यात मराठवाड्यातल्या घरबांधणीचा निम्मा इतिहास आहे.

माळवदाचे चांगले घर भिंतीवर उभे नसते. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यावर किलचणे, मग पाला आणि सर्वांत वर माती. घराचे माप खणांत सांगायचे. छताचा भार खांबांवर आणि दगडमातीची भिंत सभोवती आडोसा म्हणून. म्हणूनच खांब धड असतील तर एका खणाची भिंत उतरवून पुन्हा रचता येते. वर छत तसेच राहते आणि खाली चूलही पेटती राहते. भिंतीवर स्लॅब ठेवायला शिकलेल्या गवंड्याला हे चमत्कारिक वाटते.

पण ही भिंत सडते, आणि तिचे सडणे बाहेरून दिसत नाही. ती खरे तर दोन भिंती असतात. बाहेर घडीव दगड, आत ओबडधोबड दगड आणि मधल्या पोकळीत माती व चिपा. छताच्या कडेने पाणी मुरले की मधली माती खाली बसते, दोन्ही बाजूंना रेटा देते आणि दोन थर एकमेकांपासून सुटतात. भिंतीत अर्धवट गाडलेल्या खांबाचा तळ ओला राहतो, मग वाळवी लागते. आमच्याकडे त्यात आमचीही भर होती. आम्हा भावांनीच हौसेने बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. भिंत देखणी झाली, पण आतल्या ओलीला बाहेर पडायची वाट उरली नाही.

अशा घराला माणूस लागतो. पावसाळ्यापूर्वी माळवदावर खारी माती पसरावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. दोन-चार पावसाळे घर ओस पडले की संपले. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर आमच्या भागातली कितीतरी घरे अशीच गेली. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात नोंदवले आहे. माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली आणि मागे राहिलेली घरे पावसाने पाडली. आमचे घरही दोन वर्षे बंद होते. दादी सांगायची, परत आलो तेव्हा माळवदावरची माती ताजी होती. शेजाऱ्यांनी आपल्या छतावर टाकताना आमच्याही छतावर टाकली होती. त्यावर कुणी कधी बोलले नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडायचा होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२, मृत सुमारे ८,०००. बहुतेक जण आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेले. त्यानंतर लोकांच्या मनात दगडाची जी भीती बसली ती योग्यच होती. अंगणात पत्र्याचे शेड टाकून माणसे वर्षानुवर्षे त्यात राहिली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली.

पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट टिपली. कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्या, तरी खांबांवरचे छत उभे होते. लाकूड महाग झाल्यावर जिथे खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या, तिथे भिंतीबरोबर छतही आले. आणि छत तरी किती जड! दर वर्षी नवी माती पडायची, जुनी मात्र कुणी काढत नसे. दहा फूट लांब-रुंद खणावर दोन फूट माती म्हणजे सुमारे ९ टन.

म्हणून दुरुस्तीच्या मार्गदर्शक सूचनांत पहिले काम सांगितले ते जादा माती उतरवण्याचे. दुसरे, दोन्ही थर बांधणारे आरपार दगड, दर दोन फूट उंचीवर आणि आडवे चार फुटांच्या आत. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून, वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरले तरी चालते. तिसरे, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे आधार.

आम्ही तेच केले. माळवदावरची माती वीतभर ठेवून बाकीची उतरवली. दोन खांबांचे कुजलेले तळ कापून खाली दगडी उथळे बसवले. तुळयांना टेकू देऊन एकेका खणाची भिंत उतरवली आणि आरपार दगड घालून पुन्हा रचली. सिमेंटचा गिलावा खरवडून मातीचा केला. दगड सगळे जुनेच लागले. नवीन फक्त त्यांना धरून ठेवणारे होते.

काम संपले त्या दिवशी अब्बांनी भिंतीवर हात फिरवला आणि विचारले, "बाजूवाल्यांची भिंत पाहिली का? तिलाही पोट आले आहे."

दुसऱ्या दिवशी गवंडी तिकडे गेला. माळवदावरून उतरलेली आमची माती त्यांच्या भिंतीच्या कामी आली.