भुलेतील ताप आणि एका घराण्यातील दहा मृत्यू

धावडा हे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. भूल देताना माणसे का दगावतात, या प्रश्नाची एक गाजलेली चौकशी याच संस्थानाच्या राजधानीत झाली.

१८८८ व १८८९ साली सर्जन एडवर्ड लॉरी यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने शेकडो प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिले. दुसऱ्या खेपेस लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना मुद्दाम हैदराबादला धाडले. आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा लक्ष श्वासावर ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. तो पुढे अपुरा ठरला. पण चौकशीचा सारा रोख औषधावर आणि ते देणाऱ्या हातावर होता. कुत्र्यामाकडांवरील प्रयोगांत रुग्णाच्या घराण्याचा इतिहास येणार तरी कोठून?

तो पुढे आला मेलबर्नमध्ये. पाय मोडलेल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पायापेक्षा भुलेचीच धास्ती होती. ईथरच्या भुलेने त्याचे दहा नातलग गेले होते. डॉक्टरांनी ईथर टाळून तेव्हा नवे असलेले हॅलोथेन दिले. दहाएक मिनिटांत रक्तदाब घसरला, नाडी धावू लागली, अंग तापले. भूल थांबवून बर्फाने त्याला थंड करण्यात आले आणि तो वाचला. मायकेल डेनबरो व लोव्हेल यांनी १९६० मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली, तीही ‘लॅन्सेट’मध्येच.

हा विकार आज ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ म्हणून ओळखला जातो. स्नायुपेशीत कॅल्शियमचे कोठार असते. जनुकीय दोष असलेल्या माणसात वाफेच्या भुलेने किंवा सक्सिनिलकोलिन या औषधाने त्याचे दार उघडते, ते मिटत नाही. स्नायू ताठरतात, उष्णता व कार्बन डायऑक्साइड अनावर वाढतात. ताप पुष्कळदा उशिरा चढतो, आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो.

१९७५ मध्ये केपटाऊनच्या गॅस्फोर्ड हॅरिसन यांनी डँट्रोलीनचा गुण डुकरांवर सिद्ध केला. पूर्वी बहुसंख्य रुग्ण दगावत. या औषधाने ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. भारतात मात्र ते दीर्घकाळ सहज मिळत नव्हते. त्यामुळे इथल्या भूलतज्ज्ञांच्या हाती मुख्य साधन उरले ते शस्त्रक्रियेपूर्वीच्या एका प्रश्नाचे: घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का?