सीएफएल बल्ब फुटला तर धोका किती? आणि खाडीत टाकला तर?

एलईडी आले आणि घराघरातले सीएफएल माळ्यावर गेले. केंद्र सरकारने २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' आणली होती. जुना पिवळा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या, अशी ती योजना. पुढे २०१५ मध्ये 'उजाला'चे एलईडी आले. आता दिवाळीच्या साफसफाईत जुने सीएफएल खाली निघतात, एखादा हातातून निसटतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा इशारा आठवतो : यात पारा असतो, खोलीबाहेर पळा!

पारा असतो हे खरं. पण पालघर तालुक्यातल्या दातिवरेसारख्या गावात, जिथे एकीकडे समुद्र, दुसरीकडे वैतरणेची खाडी आणि पलीकडे अर्नाळा आहे, तिथे बल्ब फुटण्यापेक्षा तो शेवटी जातो कुठे, याची काळजी जास्त करायला हवी.

आत काय असतं?

काचेची बारीक, वळवलेली नळी. तिच्यात आर्गॉनसारखा वायू आणि थोडा पारा, टोकांना टंगस्टनच्या तारा, आतून पांढऱ्या पावडरीचा थर. नळीतून वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पावडर ते शोषते आणि त्यांचा उजेड करते. या पावडरीला फॉस्फर म्हणतात. नाव सारखं वाटलं तरी हे फॉस्फरस नव्हे. त्यात यट्रियम, युरोपियम, टर्बियम अशी मूलद्रव्यं असतात. खाली प्लॅस्टिकच्या बुडात चोकचं काम करणारं सर्किट असतं.

पारा साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम असतो, म्हणजे शंभराहून जास्त बल्बांइतका. शिवाय बल्ब फुटल्यावर हा सगळा पारा एकदम हवेत जात नाही. बराचसा पावडरीला आणि काचेला चिकटून राहतो.

फुटलाच तर

माणसांना आणि मांजरा-कुत्र्यांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, एसी बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा. मग जाड पुठ्ठ्याने काच गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. हे सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून घराबाहेर ठेवा. झाडू मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नका. दोन्हींनी पावडर उडते. रांगतं मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर जास्त काळजी घ्या.

काच लागली तर जखम भरत नाही, असंही फिरत असतं. या अफवेला जुनं मूळ आहे. सुरुवातीच्या ट्यूबलाइटच्या पावडरीत बेरिलियम असायचं आणि तसली काच रुतली की जखम खरोखर चिघळायची. अमेरिकेत १९४९ च्या सुमारास त्याचा वापर थांबला. सीएफएल बाजारात आले १९८० च्या आसपास. तेव्हा काच लागल्यास जखम वाहत्या पाण्याने धुवा, आत तुकडा राहिलेला नाही ना ते पाहा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

चालू बल्बचं बुड तपकिरी पडलं किंवा जळका वास आला तर तो बदला. बसवताना, काढताना बुडाला धरा, नळीला नाही.

खाडीत गेला तर

कचऱ्याच्या ढिगाला काडी लावली की बल्बमधला पारा थेट हवेत जातो. खाडीकाठी फेकला तर गोष्ट वेगळी होते. चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी करतात. ते बारीक जिवांतून लहान माशात आणि लहान माशातून मोठ्या माशात जातं, आणि प्रत्येक पायरीला साठत जातं. मासा शिजवून किंवा सुकवून ते जात नाही. जपानच्या मिनामातामध्ये हेच झालं. तिथे कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं उपसागरात सोडलं जात होतं आणि १९५६ मध्ये मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांतला आजार उघडकीला आला.

चार बल्बांनी मिनामाता होत नाही, हेही सांगायला हवं. तिथला पारा टनांत होता. पण पारा कुजत नाही, आणि ज्या गावाचं पोट मासळीवर चालतं त्याने तो आपल्याच पाण्यात का टाकावा?

मग द्यायचा कुठे?

२०१६ च्या घनकचरा नियमांत सीएफएल आणि ट्यूबलाइट 'घरगुती घातक कचरा' मानले होते, ई-कचऱ्याच्या नियमांतही ते येतात. अधिकृत केंद्रात दिवे बंद यंत्रात फोडतात, वाफ कार्बनच्या गाळणीत अडकवतात, पावडर तापवून पारा परत मिळवतात. खेड्यात मात्र घंटागाडीच नसते तिथे असं केंद्र कुठून असणार, ही खरी अडचण. तोवर बल्ब अख्खे ठेवा, कागदात गुंडाळून खोक्यात, मुलांच्या हाताबाहेर. बरेच जमले की एकत्र द्या : दुकानदाराला विचारा, ग्रामपंचायतीला सांगा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूरच्या कार्यालयात जवळच्या अधिकृत केंद्राची चौकशी करा. भंगारवाल्याला देऊ नका. तो बुड काढून घेतो आणि नळी तिथेच फोडतो.

मिनामाताच्याच नावाने झालेल्या जागतिक करारात भारत २०१८ पासून आहे. त्या करारानुसार घरगुती वापराच्या, ३० वॅटपर्यंतच्या, बुडातच चोक असलेल्या सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याची मुदत २०२५ ची ठरली. ट्यूबलाइटसाठी ती २०२७ पर्यंत आहे.